तीन तास एकावन्न मिनिटं

‘मधली रेघ’ हा पिक्चर तीन तास एकावन्न मिनिटांचा आहे, आणि त्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला, ‘आपला अभिप्राय जरूर कळवा’ या ओळीखाली, सीमा वानखडेचा फोन नंबर छापलेला आहे. यातली एकच गोष्ट झाली असती तर सीमानं ती सोसली असती. दोन्ही एकत्र आल्या आणि त्यांनी तिचा अख्खा हिवाळा खाल्ला.

“हॅलो, पिच्चरवाल्या बाई होय का?”

“बोला.”

“मी चतुराबाई बोलतो, मूर्तिजापूरहून. थे कबड्डीचं आनलं ना माह्या जावयानं, पेनड्राइव्ह का काय. पाह्यलं आमी.”

“हो का. कसं वाटलं?”

“चांगलं हाये. पोट्ट्या चांगल्या खेयतात. पन बाई, एक ईचारू का?”

“विचारा ना.”

“थे संपते का?”

सीमानं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला. समोरच्या पडद्यावर परतवाड्याच्या एका नवरीला हळद लागत होती; नवरीच्या सात काकू रांगेत उभ्या होत्या आणि आत्ता कुठं चौथीची पाळी आली होती.

“संपतो, मावशी. शेवटी पोरी कप जिंकतात.”

“मंग सांगून द्याचं ना बाप्पा तसं आधीच. आमी सैपाक टाकून बसलो.”

सीमा लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग, म्हणजे कापणं-जोडणं, करते. अमरावतीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, एकोणीस वर्षं झाली. वडील नागसेन वानखडे पोस्टात होते. मोठी मुलगी मास्तरीण व्हावी असं त्यांच्या मनात होतं, पण मोठी मुलगी डी.एड.च्या यादीत लागली नाही आणि शेखरभाऊंच्या स्टुडिओत ‘दोन महिने बसून बघ’ म्हणून जी बसली ती अजून उठली नाही. शेखरभाऊ मधल्या काळात फ्लेक्सच्या धंद्यात गेले. मशीन, खोली आणि मानेचं दुखणं सीमाकडे राहिलं. खुर्चीवर आईनं शिवलेली उशी आहे, टेबलावर डोळ्यांत टाकायचं औषध आहे, आणि लग्नसराईत ती ज्या माणसांचे चेहरे दिवसभर पाहते त्यांतलं एकही माणूस तिला रस्त्यात ओळखत नाही. तिला मात्र सगळे ओळखू येतात. एकदा भाजीबाजारात ती एका बाईला म्हणाली होती, “तुमच्या भाच्याच्या लग्नात तुम्ही पिवळी पैठणी नेसल्या होत्या ना?” बाईनं पिशवी छातीशी धरली.

शेखरभाऊंनी तिला धंद्याचं एकच सूत्र शिकवलं होतं. “ज्यानं अक्षता टाकल्या, तो दिसला पायजे. गाणं चुकलं तरी चालते, रंग उडाला तरी चालते. माणूस सुटला, का मेलो.” सीमानं ते दुसऱ्याच वर्षी अनुभवलं. दर्यापूरच्या एका लग्नात नवरदेवाचा मामा तिच्याकडून सुटला. मामा प्रत्येक चित्रात पाठमोरा होता. तिला वाटलं, वाढपी असेल. तो मामा सीडी घेऊन खोलीचा जिना चढून आला, उशीच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, “मी आलो होतो का नव्हतो, एवढं मले लेखी द्या.” पुढं तीन वर्षं त्या घरात भाऊ-बहिणीचं बोलणं बंद होतं. तेव्हापासून सीमा प्रत्येक लग्नाच्या चेहऱ्यांची यादी करते आणि शेवटी एकेक चेहरा तपासून टिक मारते. अक्षता असोत की त्रिसरणानंतर वाहिलेली फुलं असोत, हात दिसला की त्या हाताचा धनीही दिसतो. सप्तपदीची सातही पावलं दिसतात. सहा दाखवून सातवं समजून घ्या, असं लग्नात चालत नाही.

आणि नेमक्या ह्याच बाईकडे कुलदीपनं आपला पिक्चर कापायला दिला.

कुलदीप अकोल्याचा. कॉलेजात तासिकेवर नाटक शिकवायचा, आणि पोरींच्या कबड्डीवर पिक्चर काढायचा ध्यास घेऊन त्यानं नांदगाव खंडेश्वरच्या पुढच्या सावरखेड नावाच्या गावात दोन हिवाळे तळ ठोकला. गावानं त्याला सगळं दिलं: मैदान, भाकरी, ट्रॅक्टरचे दिवे, पोरींना कपडे बदलायला शाळेची खोली. कुलदीपनं बदल्यात प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली, “तुमी पिच्चरमंधी दिसान.” मग नव्वद तासांचं चित्रण एका डब्यात घालून तो सीमाचा जिना चढला.

सीमानं ते लग्नासारखं कापलं. सात महिने, दोन मुहूर्तांच्या मधल्या दिवसांत. गावातला एकही माणूस तिनं सोडला नाही. अंतिम सामना पूर्ण ठेवला. कुणी टाळी वाजवली तर टाळी वाजवणाराही दाखवला. पिक्चरच्या शेवटी पांढऱ्या अक्षरांत ‘संकलन: सीमा नागसेन वानखडे’ आलं तेव्हा तिनं मशीन थांबवलं आणि चहा निवेपर्यंत ती ओळ पाहत बसली. एकोणीस वर्षांत हजारेक लग्नं झाली असतील, पण नाव स्टुडिओचं जायचं. तिचं कुठं नव्हतं.

टॉकीजवाल्यानं पिक्चर अर्धा पाहून सांगितलं, “बाई, याच्यात माह्ये दोन शो बसतात.” म्हणून तो घरोघरी पाहण्यासाठी निघाला, थोड्या डीव्हीडी आणि बाकी पेनड्राइव्ह, खाकी पुठ्ठ्याच्या पाकिटात. कुलदीपची सिमकार्डं ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून पाकिटावर नंबर सीमाचा.

अकोल्याहून बंडूचा फोन आला. बंडूचं मोबाइलचं दुकान होतं आणि त्यानं काउंटरवर पन्नास पाकिटं ठेवली होती.

“ताई, गिऱ्हाईक पेनड्राइव्ह वापस आनून राहिले.”

“आवडला नाही का?”

“तसं नाई. थे म्हनतात, पिच्चर पुसा अन् गाने भरून द्या. पेनड्राइव्ह चांगला हाये.”

बडनेऱ्याच्या एका बाईनं आवाज भरून पाठवला: आमच्या घरी पिच्चर लावला तवा नातू रांगत होता, संपला तवा चालत होता. एकानं फक्त विचारलं की मधे जेवायची सुटी कुठं धरायची. एका पोरानं रागानं सांगितलं की तो पाहताना झोपला, उठला, आणि म्हातारा तिथंच होता.

“कोणता म्हातारा?” सीमानं विचारलं, जरी तिला माहीत होतं.

“फक्कीवाला.”

सगळे शेवटी फक्कीवाल्यावरच यायचे. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी भुकटी. पिक्चरमध्ये अंतिम सामन्याच्या आधी एक म्हातारा सुतळी ताणतो, भोकं पाडलेला डबा हातात घेतो आणि वाकून मैदान आखतो. नऊ मिनिटं. चारही बाजू, मधली रेघ, दोन्हीकडच्या आतल्या रेघा, सगळ्या. सीमाला तो प्रसंग पिक्चरमध्ये सगळ्यांत जास्त आवडायचा. अर्धं मैदान आखलेलं कसं दाखवणार, असा तिचा साधा हिशोब होता.

जानेवारीच्या एका दुपारी कुलदीप स्वतः आला. अकोल्याहून एस.टी.नं, केसांत धूळ, आणि आल्या आल्या तिच्या डब्यातली पोळी तोडून खायला लागला.

“ताई, पुन्याच्या एका कंपनीनं पाह्यला. मोबाइलवर दाखवतात ते पिच्चर.”

“मंग?”

“आवडला त्याईले. आचलचं काम लय आवडलं.” आचल म्हणजे पिक्चरमधली मुख्य खेळाडू. “घेतो म्हनतात. दोन तास दहा मिनिटांचा करून द्या म्हनतात.”

परतवाड्याची नवरी पडद्यावर अजून पिवळीच होती.

“सोमवारपर्यंत,” कुलदीप म्हणाला.

“आज गुरुवार हाये.”

“हाव. नाईतर त्याईच्याकडे त्याईचा मानूस हाये. तो कापून टाकन दोन दिवसांत.”

“अन् मंग नाव?”

कुलदीपनं पोळीचा घास लोणच्यात फिरवला. “ज्यानं कापला त्याचं जाईन ना, ताई. तुमचं ‘साहाय्य’ मधी टाकाले लावतो मी.”

“साहाय्य,” सीमा म्हणाली. “सात महिने मी साहाय्य करून राहिली होती का तुले?”

“माह्यावर काहून भडकता? मी त म्हनलं, ताईच कापतीन. म्हनून त सोमवार मागून आनला.” मग जरा थांबून, आवाज उतरवून: “पन ताई, खरं सांगा. तुमच्याच्यानं होईन का? तुमी आजपर्यंत कोनाले काढलं हाये?”

कुलदीप डबा संपवून, धुऊन ठेवून गेला.

शुक्रवारी फोन वाजला तेव्हा सीमानं पहिल्यांदा कुणाला ‘कसं वाटलं’ असं विचारलं नाही. तिनं विचारलं, “तुम्ही कुठं कुठं पुढं ढकलला?” लोक आधी ओशाळायचे, मग धडाधडा सांगायचे. अभिप्राय द्यायला ज्यांना शब्द सापडत नव्हते त्यांना बोट कुठं दाबलं ते नीट आठवत होतं. पोरी धावतात तिथं. सूर्य बुडतो तिथं, दोन्ही वेळा. एस.टी. येते तिथं, आणि मग जाते तिथं.

अंजनगाव सुर्जीहून खुशालराव ठाकरे यांचा फोन सर्वांत लांब चालला. शाळेत खेळाचे शिक्षक होते, आता निवृत्त. बोलणं वहीत पाहून.

“मी पिक्चर चार बैठकांत पाहिला. नोंदी केल्या आहेत. वेळ आहे का तुम्हाला?”

“आहे सर,” सीमा म्हणाली आणि मान खुर्चीच्या पाठीला टेकवली.

“फायनल तुम्ही पूर्ण दाखवली. दोन्ही डाव. मधल्या पाच मिनिटांच्या सुटीसकट.”

“हो सर.”

“सुटीत पोरी लिंबू चोखतात. पाचही मिनिटं.”

“सगळ्या पोरी दिसाव्यात म्हणून, सर. बाराजणी आहेत.”

“दिसल्या. लिंबूही दिसले.” पान उलटल्याचा आवाज आला. “बाई, मी बावीस वर्षं पंच होतो. पंचाला सामना पूर्ण पाहावाच लागतो, त्याला सुटका नाही. पण घरी गेलो की बायको विचारायची, कसा झाला. तिला मी तीन चढाया सांगायचो. तीन. तेवढ्यात तिला सगळा सामना कळायचा.”

“कोणत्या तीन, सर?”

“ते तुम्हालाच माहीत आहे. नसतं, तर शेवटच्या चढाईला मी या वयात रडलो नसतो. पण तोवर माझे पाय सुजले होते हो.”

सीमाला हसू आलं आणि हसताना मान दुखली.

“आणि तो फक्कीवाला,” खुशालराव म्हणाले. “पहिलं मिनिट फार सुरेख. असा हात आजकाल राहिला नाही. मग मी दाढी करायला उठलो. दाढी करून आलो तेव्हा तो बोनस रेषेवर होता.”

शुक्रवार-शनिवार सीमानं कापलं. ज्यात माणूस नव्हता ते आधी गेलं: रस्ते, सूर्य, एस.टी., धुळीतली पावलं. पाऊण तासाहून जास्त निघालं, तिचं तिलाच आश्चर्य वाटलं की एवढं रिकामं तिनंच भरलं होतं. मग तिनं फायनल घेतली आणि खुशालरावांच्या बायकोला सांगावी तशी सांगितली. लिंबं गेली. पिक्चर दोन तास चाळीसवर आला आणि तिथं तिचा हात थांबला. आता जे उरलं होतं त्या सगळ्याला चेहरे होते. भाकरी थापणाऱ्या बायका. पारावर भाषण करणारे मोतीराम पाटील. फक्की टाकणारे पुंजाजी. बटणावर बोट जायचं आणि दर्यापूरचा मामा जिना चढून यायचा.

रविवारी सकाळी तिनं मशीनवरचं सगळं लॅपटॉपवर घेतलं, नांदगावची गाडी धरली, आणि पुढं सावरखेडपर्यंत काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं गेली. ज्याला काढायचं त्याला तोंडावर सांगायचं, मग काढायचं. शेखरभाऊंच्या सूत्रात असं काही नव्हतं. तिला दुसरं सुचलं नाही, एवढंच.

पुंजाजींच्या घरी त्यांची बायको जाईबाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. पिक्चरमध्ये सात मिनिटं भाकरी थापते ती हीच.

“आली का बाई. बस. लय वाळली तू.”

“जाईबाई, एक सांगाचं होतं. पिच्चर लहान कराचा हाये.”

“कर ना मंग.”

“त्याच्यात तुमचं भाकरीचं जाते. पूर्ण.”

जाईबाईनं सुपातला खडा वेचून अंगणात फेकला. “मी त मलेच पुढं ढकलतो. आमच्या पिंकीले म्हनतो, दाब व माय, दाब. भाकर थापतानी पाह्याले काय हाये त्याच्यात? रोजच थापतो. अन् थ्या दिसाची भाकर करपली होती, ते बी दिसते.”

“बाकीच्या बायका?”

“त्या बी ढकलतात. सीता म्हने, माहं तोंड लय मोठं दिसते. तू काढ बिनधास्त.”

सीमा ओट्याच्या कडेला बसली. सगळ्या बायकांच्या भाकरीच्या ज्या बारा मिनिटांनी दोन रात्री तिला झोप दिली नव्हती, ती बारा मिनिटं तुरीच्या कोंड्यासारखी उडून गेली होती. तिनं लॅपटॉप उघडला आणि तिथंच ती काढून टाकली.

“पन याईचं नको सांगू,” जाईबाई हळूच म्हणाली आणि घराच्या दाराकडे हनुवटी केली. “कोनी बी पावना आला का पिच्चर लावतात. सुरुवातीपासून नाई. थेच लावतात, फक्कीचं. पावना चहा पेऊन जाते अन् याईच्या रेघा सुरूच रायतात.”

पुंजाजी आत बाजेवर बसून कोऱ्या कपड्यात भाच्याच्या लग्नाला निघायची वाट पाहत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिपाई. सव्वीस जानेवारी असो की केंद्राचे सामने असोत, मैदान त्यांच्या हातचं.

“कोन, मिक्सिंगवाली बाई? ये. पिच्चर पायतं का?”

“माह्यापाशीच हाये, बाबा.”

“हाव, तुह्यापाशीच असन.” ते सरकून बसले. “काय म्हनतात लोक?”

सीमानं रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडी आलं नाही. “लांब झाला म्हनतात.”

“झालाच हाये.”

“पुन्याचे लोक घेतो म्हनतात, पन लहान करून पायजे. उद्यापर्यंत.”

“मंग?”

“तुमची फक्की जाते त्याच्यातून.”

पुंजाजींनी टोपी काढली, झटकली, परत घातली. “किती जाते?”

“सगळी.”

“एखादी रेघ रायते का?”

“एक रेघ ठेवून काय होईन, बाबा? कोनाले समजनार नाई तुमी काय करून राहिले ते.”

“तुह्यापाशी लांबवाला राहीनच ना पन? लग्नात करतात तसा. एक लहान, एक मोठा.”

“तुमच्यापाशी राहीन लांबवाला. हा हायेच तुमच्या घरी.”

“थो त हायेच,” पुंजाजी म्हणाले. “पुन्यावाला पाहीन त्याच्यात मी हावो का नाई, थे सांग.”

बाहेर सुपाचा आवाज थांबला होता.

“नाई,” सीमा म्हणाली. “त्याच्यात तुमी नाई.”

एकोणीस वर्षांत हे वाक्य तिनं कुणाला म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर काही कोसळलं नाही. फक्त पुंजाजींनी भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे पाहिलं.

“एक सांगतो तुले,” ते म्हणाले. “एकतीस वर्सं रेघा मारल्या मी. पहाटपासून वाकलेला रायचो. मास्तर शिट्टी मारे, पोट्टे घुसत, अन् अर्ध्या घंट्यात पुसून टाकत. कोनी पायलंच नाई कधी. पाह्याचं कामच नव्हतं म्हना त्याईले. हे एकच हाये का ज्याच्यात त्या पुसून नाई राहिल्या.” मग आवाज कोरडा करून: “कोठी हाये थे यंत्र? माह्यासमोर काप. मांगून नोको कापू.”

सीमानं लॅपटॉप बाजेवर ठेवला. पडद्यावर रिकामं मैदान आलं, पुंजाजी सुतळी घेऊन आले, वाकले. तिनं त्यांना तसंच थोडं चालू दिलं. मग नऊ मिनिटांचा तुकडा निवडला, तो निळा झाला, आणि तिनं बटण दाबलं. रिकाम्या मैदानापाठोपाठ आता सरळ शिट्टी वाजली आणि आचल मैदानात शिरली.

“पुन्हा दाखव.”

तिनं पुन्हा दाखवलं.

“हं,” पुंजाजी म्हणाले. पडद्याच्या इतके जवळ गेले की टोपी काचेला लागली. “पोट्टी लवकर घुसते आता.”

“हाव.”

“रेघा दिसून राहिल्या पन.”

“दिसतीनच ना. त्या कुठं जातात?”

“मधली जराशी वाकडी हाये,” ते म्हणाले. “नऊ मिन्टं पायली मी, कधी दिसली नाई. माहं ध्यान माह्यावरच होतं.” जाईबाई दारात येऊन उभी राहिली होती, तिनं पदर तोंडाला लावला. पुंजाजींनी तिकडे पाहिलं नाही. “किती झाला आता?”

“दोन तास एकोणीस मिन्टं.”

“अन् पायजे किती?”

“दोन तास धा.”

“मंग मोतीरामचं भाषन हाये ना अजून. काप. मी गेलो त थो कायले रायते?”

“त्याईले ईचाराव लागन.”

“तो नागपूरले गेला लेकाकडे. मी सांगतो त्याले. म्हनतो, माह्यी फक्की गेली, तुह्यं भाषन गेलं, बस गुमान.” आणि भाषण जाताना ते पहिल्यांदाच जरा सैल झाले, मांडी घालून बसले, एखाद्या सामन्याला यावं तसे. जाईबाईनं चहा आणला. तिघांनी मिळून आणखी काही सापडतं का पाहिलं. काही सापडलं नाही. दोन तास चौदा मिनिटं. चार मिनिटं जास्त.

ती चार मिनिटं कुठं आहेत ते सीमाला घरून निघतानाच माहीत होतं. पिक्चर संपल्यावर काळ्या पडद्यावर नावं वर सरकतात. तीनशे बारा नावं, एकेक ओळीत एक, वाचता येईल अशा वेगानं. ज्यानं बैलगाडी दिली त्याचं, ज्या पोरीनं पाणी पाजलं तिचं. शुक्रवारीच कुलदीपचा निरोप आला होता: नावांची फक्त पाटी टाका, ‘सावरखेडचे समस्त ग्रामस्थ’, काम झालं.

“हे काय हाये?” पुंजाजींनी सरकणाऱ्या अक्षरांकडे बोट दाखवलं.

“नावं. तुमचं बी हाये.”

“कितवं?”

“एकशे सत्त्याऐंशी.”

“लय मांगं टाकलं.”

“गावात जसे घरं लागतात तसे घेतले, बाबा.”

पुंजाजी थांबून राहिले. त्यांचं नाव खालून आलं, मधे पोचलं, वर गेलं. शेवटी संकलनाची ओळ आली आणि सीमाचं नावही तसंच वर सरकून गेलं.

“हे काढलं त बसते का?” त्यांनी विचारलं.

“बरोबर बसते.”

“मंग?”

“नाई काढत.”

“अन् पुन्यावाल्यानं नाई घेतलं त? त्याच्या मानसानं कापलं त? तुह्यं नाव बी जाईन मंग.”

“जाईन,” सीमा म्हणाली. तिनं फोन काढून कुलदीपला लिहिलं की पिक्चर दोन तास चौदाचा झाला आहे, एवढाच होतो, नावं राहतील. पुढं त्यांना पटेल ते त्यांनी करावं. पाठवलं आणि फोन उशाशी उलटा ठेवला.

पुंजाजी तिच्याकडे पाहत होते. शाळेचा शिपाई ज्या नजरेनं उशिरा आलेल्या पोराकडे पाहतो, त्या नजरेनं.

“मंग मले काहून कापलं बाप्पा? तो नाईच घेनार असन त, मी राहिलो असतो, मोतीराम राहिला असता. पुन्यावाल्यासाठी कापलं म्हनत होती ना तू?”

सीमाला वाटलं, आता काहीतरी बरं बोलावं. मग तिला चतुराबाई आठवली, बंडू आठवला, दाढी करून आलेले खुशालराव आठवले, आणि ह्या सगळ्यांना जे दिसलं होतं आणि कापायच्या सात महिन्यांत तिला दिसलं नव्हतं ते तिला या बाजेवर बसून नीट दिसत होतं.

“पुन्यावाल्यासाठी नाई,” ती म्हणाली. “लांबच झालं होतं, बाबा. मले समजलं नाई तवा.”

पुंजाजींनी बशीतला उरलेला चहा संपवला. बशी खाली ठेवली, मिशी पुसली.

“हाव,” ते म्हणाले. “थे त होतं.”

बाहेर कुणीतरी हाक मारली, लग्नाची गाडी आली होती. पुंजाजी उठले, टोपी सारखी केली आणि जाईबाईला म्हणाले, “बाईले चादर दे एखादी. डोये पाह्य तिचे कसे झाले.” सीमा नको म्हणणार होती. पण बाजेवर जागा होती, खोलीत सावली होती, आणि परतीच्या काळीपिवळीला अजून दीड तास होता. ती लॅपटॉप मिटून तिथंच आडवी झाली.